तापलेलं पाणी आणि काटकसरी शेवाळ

बडोद्यातला सुरसागर तलाव न्यायमंदिराच्या शेजारी, दगडी भिंतींच्या कोंदणात आहे. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा अशा अडवलेल्या पाण्याचा वरचा थर भराभर तापतो. वरचं कोमट पाणी हलकं, खालचं गार पाणी जड. दोन्ही एकमेकांत मिसळेनाशी होतात. माशांना हे जाचतं. काही शेवाळांना मात्र ही पर्वणीच.

पण उकाडा शेवाळालाही फुकटात मानवत नाही. तापमान वाढलं की पेशीचा पडदा सैल पडतो. तो सावरायला शेवाळ त्यात अधिक संपृक्त मेदाम्लं भरतं, म्हणजे तेलाच्या जागी तूप वापरावं तसं. त्याहून मोठा खर्च श्वसनाचा. उष्णतेत प्रकाशसंश्लेषणापेक्षा श्वसन जास्त वेगाने वाढतं, त्यामुळे पेशीची कमाई तिथल्या तिथे जळून जाते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात क्लोरेला नावाचं शेवाळ ३३ अंशांवर वाढवलं गेलं. सुमारे शंभर पिढ्यांनंतर त्याने श्वसन आवरतं घेतलं आणि तिथे ते नीट वाढू लागलं. शंभर पिढ्या म्हणजे आपली अडीच-तीन हजार वर्षं. एका दिवसात दुप्पट होणाऱ्या पेशीला त्यासाठी एक उन्हाळा पुरतो.

आता खाण्याचा प्रश्न, आणि इथेच गंमत आहे. प्रथिनं बनवणारे रायबोसोम फॉस्फरसवर पोसलेले असतात. ऊब असली की प्रत्येक रायबोसोम जलद काम करतो, त्यामुळे ते कमी लागतात आणि फॉस्फरसही कमी पुरतो. शिवाय सुकाळात फॉस्फरसचे साठे करून ठेवणं आणि टंचाईत पडद्यातल्या फॉस्फरसयुक्त स्निग्धांऐवजी गंधकयुक्त स्निग्ध वापरणं, ही काटकसर अनेक शेवाळांना जमते.

नीलहरित शेवाळ तर या खेळात फारच पुढे. शास्त्राच्या काटेकोर भाषेत ते जीवाणू, पण तलावावर धरणाऱ्या हिरव्या सायीत त्यांचाच वाटा मोठा. मायक्रोसिस्टिस वायूने भरलेल्या सूक्ष्म पोकळ्यांच्या जोरावर स्थिर पाण्यात वर येतं आणि खालच्यांचा प्रकाश अडवतं. अॅनाबिना खास पेशींमध्ये हवेतला नायट्रोजन पकडतं. सिलिकाचं कवच वागवणारे डायाटम अशा निवांत पाण्यात बुडू लागतात.

या सायीचं सगळं खापर तापमानावर फोडणं सोयीचं आहे, पण मला ते पटत नाही. १९७३ साली कॅनडात शास्त्रज्ञांनी एक तलाव पडदा लावून दुभंगला. दोन्ही बाजूंना कार्बन आणि नायट्रोजन दिला, फॉस्फरस फक्त एका बाजूला. हिरवी झाली ती तीच बाजू. ऊन दोन्हीकडे सारखंच होतं. शहरी तलावात हा फॉस्फरस सांडपाण्यातून येतो. आणि नाला बंद केला तरी हिशेब लगेच मिटत नाही: तळाचा ऑक्सिजन संपला की गाळात लोहाला चिकटलेला जुना फॉस्फरस सुटून पुन्हा पाण्यात येतो. उष्णता ते अधिक लवकर घडवते. म्हणून नुसती वरची साय काढून भागत नाही; गाळाकडे बघावंच लागतं.

बडोद्याला आजव्याच्या सयाजी सरोवरातून पिण्याचं पाणी मिळतं. असे जलाशय सांभाळणाऱ्यांनी अमेरिकेतल्या टोलेडोची गोष्ट माहीत करून घ्यावी. ऑगस्ट २०१४ मध्ये ईरी सरोवरातल्या मायक्रोसिस्टिसचं विष नळाच्या पाण्यात सापडलं आणि लाखो लोकांना ते पिऊ नका, उकळूही नका, असं सांगावं लागलं. उकळल्याने हे विष नष्ट होत नाही. पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतं.