टण्ण वाजला? मग पक्का!

माठ घेताना आपण सगळेच एक गोष्ट हमखास करतो. बोटाने टिचकी मारतो. टण्ण वाजला की पक्का, भद्द वाजला की ठेवा परत. दिवसभर एसीत बसून कीबोर्ड बडवणारी माझ्यासारखी मंडळीही हे करतात. कोणी शिकवलेलं नसतं, तरी!

एप्रिलमधल्या एका रविवारी मी जुन्या नाशकातल्या कुंभारवाड्यात पोहोचले, ती नव्या फ्लॅटसाठी 'काहीतरी एथनिक' शोधायला. खरं सांगू? डोक्यात न्यू मेक्सिको होतं. मैत्रिणीने तिकडून एक जाडजूड पुस्तक पाठवलं होतं. त्यात प्युब्लो जमातींची मातीची भांडी. काळीभोर, आरशासारखी चकचकीत. पाहताक्षणी फिदा!

ती घडवणाऱ्या मारिया मार्टिनेझ सॅन इल्डेफोन्सो या खेड्यातल्या. एडगर हेवेट या पुरातत्त्वज्ञाने उत्खननात सापडलेली जुनी खापरं दाखवली आणि अशी भांडी करून बघा म्हणून सुचवलं. चाक नाहीच. मातीच्या वळ्या एकावर एक रचून भांडं उभं करायचं, गुळगुळीत दगडाने घासायचं. नक्षी नवरा ज्युलियन रंगवायचा. भाजताना घोड्याची वाळलेली लीद टाकून आग कोंडली, की धुराने भांडं काळं होतं. १९१९च्या सुमारास त्यांना काळ्यावर काळी नक्षी जमली आणि जग वेडं झालं. पुढे मुलगा, नातू, पणती सगळे त्याच मातीत. आज ती भांडी म्युझियममध्ये काचेआड आहेत.

हे सगळं मी कुंभारकाकांना मोठ्या उत्साहाने ऐकवलं. ते हसले आणि कोपऱ्यातल्या माठाकडे बोट दाखवलं. काळा माठ! आजीच्या स्वयंपाकघरातला, लहानपणापासून पाहिलेला.

"भाजणी होत आली की आवा लिंपून बंद करायचा. धूर आत कोंडला की झाला काळा," काका म्हणाले. आणि लीद? "ती आम्ही मातीतच मळतो ना." भाजताना ती जळून जाते, बारीक छिद्रं उरतात. त्यातून पाणी पाझरतं, हवेत उडून जातं आणि आतलं गार होतं. विजेचं बिल शून्य, बॉस!

जुन्या खापरांचं म्हणाल, तर तीही आपल्याकडे आहेत. गोदाकाठच्या मातीच्या गढीवर १९५०-५१मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केलं. संगमनेरजवळच्या जोर्वे गावातही केलं. तिथे सापडलेली लाल अंगावर काळी नक्षी असलेली भांडी 'जोर्वे' याच नावाने ओळखली जातात. वय तीन हजार वर्षांहून जास्त, आणि भाजणी इतकी पक्की की टिचकी मारली तर धातूसारखी वाजतात.

म्हणजे ती टिचकी फार जुनी आहे. संत गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी ठोकून कच्चं मडकं कोणतं ते सांगितलं, ही गोष्ट कुणाला ठाऊक नाही?

अंगणात करा-केळीची चळत लागली होती. आठवड्यावर अक्षय्य तृतीया. मग नवरात्रातले घट, दिवाळीच्या पणत्या, संक्रांतीची सुगडी. काका चाकावर, काकी माती मळायला आणि रंगवायला, सून हिशेबाला. मुलगा मात्र सातपूरच्या कंपनीत जातो आणि सुट्टीच्या दिवशी मदतीला बसतो. "पावसाळ्यात आवा लागत नाही, तेव्हा पगारच घर चालवतो," काकी म्हणाल्या. तक्रारीचा सूर नव्हता. पण नातवाला चाकावर बसवणार का, या प्रश्नावर दोघंही गप्प झाले.

मारियाबाई आपल्या भांड्यांच्या तळाशी सही करत. मी विचारलं, "काकी, तुम्ही का नाही करत?"

"माठावर नाव कशाला गं? गळला तर भांडायला येशील ना!"

सगळे हसले, मीही. पण नंतर जरा ओशाळले. आत्ताच मी पन्नास रुपयांसाठी घासाघीस केली होती. मॉलमध्ये 'हँडमेड' लेबल बघून मी कधी हूं की चूं करत नाही.

माठ रिक्षात मांडीवर घेऊन बसले. निघताना काकांचा नंबर घेतला आणि सवयीने 'माठवाले' असं टाइप केलं. मग थांबले. चार उन्हाळे आमच्या घरी इथलेच माठ येतात.

"काका, तुमचं नाव काय?"

त्यांनी सांगितलं. आडनावासकट, सावकाश. मी 'माठवाले' खोडलं आणि ते लिहिलं.