फळ्यावरचं नाव

पोलीस ठाण्यात शिरलं की बहुतेकांची नजर साहेबांच्या खोलीकडे जाते, माझी भिंतीकडे. अटकेतल्या माणसांची यादी कुठे लावली आहे, ती आजची आहे की मागच्या महिन्यातली, नावापुढे अटक करणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव आणि हुद्दा लिहिलाय का, हे पाहण्याची मला जुनी खोड आहे. बंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत राहायला आल्यापासून ती आणखी पक्की झाली. इथल्या मराठी मंडळींकडून रात्री-अपरात्री येणारा फोन बहुधा एकाच प्रश्नाने सुरू होतो, "काका, पोरगा कुठल्या स्टेशनात आहे ते कसं कळणार?" आईवडील सांगली-लातूरकडचे, मुलगा इथे पीजीत राहणारा, ठाण्याची भाषा कन्नड. अशा घराला वकिलाच्याही आधी माहिती हवी असते.

गावाची ओळख थोडक्यात. आर. के. बालिगा यांच्या कल्पनेतून, केओनिक्स या सरकारी महामंडळाने १९७८ साली कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगुरु या गावांच्या ३३२ एकरांवर ही वसाहत उभी केली. होसूर रस्त्यावरचा उड्डाणमार्ग २०१० मध्ये आला, पिवळ्या मार्गिकेची मेट्रो ऑगस्ट २०२५ मध्ये. इथून थोड्याच अंतरावर परप्पन अग्रहारचं मध्यवर्ती कारागृह आहे. कंपन्यांच्या काचेच्या इमारती आणि राज्यातला मोठा तुरुंग असे एकमेकांचे शेजारी आहेत.

आता माझ्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे वळतो. तो भिंतीवरचा फळा आला कुठून?

डी. के. बसू हे पश्चिम बंगालमधल्या विधी साहाय्य संस्थेचे कार्यकारी अध्यक्ष. कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या वाचून त्यांनी २६ ऑगस्ट १९८६ रोजी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. सर्वोच्च न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतलं. दहा वर्षांनी, १८ डिसेंबर १९९६ रोजी, न्या. कुलदीप सिंग आणि न्या. ए. एस. आनंद यांच्या पीठाने निकाल दिला आणि अटकेसाठी अकरा नियम घालून दिले. पोलिसाच्या छातीवर नाव आणि हुद्दा दिसला पाहिजे. अटकेचा मेमो जागेवरच व्हावा, त्यावर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठिताची साक्ष असावी, तारीख आणि वेळ असावी. नातेवाइकाला कळवलं पाहिजे आणि कुणाला कळवलं ते डायरीत लिहिलं पाहिजे. कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी. शेवटचा, अकरावा नियम माझा सर्वांत आवडता: अटकेची आणि कोठडीच्या जागेची माहिती बारा तासांच्या आत नियंत्रण कक्षाला कळवावी आणि तिथल्या फलकावर ठळकपणे लावावी.

पुढे संसदेने हा नियम फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४१-सी म्हणून घेतला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तो कलम ३७ झाला आणि आणखी धारदार झाला. आता प्रत्येक ठाण्यात सहायक उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा एक नेमलेला अधिकारी असायला हवा. अटक झालेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप त्याने ठेवायचं, आणि ते ठाण्यात व जिल्ह्याच्या मुख्यालयात, डिजिटल पद्धतीनेही, ठळकपणे दाखवायचं. म्हणजे ही माहिती मागणं ही मेहेरबानीची याचना नाही, हे मी प्रत्येक घाबरलेल्या बापाला आधी सांगतो.

मिरजेकडच्या एका गृहस्थांचा मुलगा होसूर रस्त्यावरच्या दुचाकी अपघातात अडकला होता. रात्रीच्या बसने उतरून ते थेट जवळच्या ठाण्यात गेले. तिथे मुलाचं नावच नव्हतं आणि त्यांचे पाय गळून गेले. बंगळुरूची मेख अशी की इथे वाहतूक पोलिसांची ठाणी वेगळी आहेत आणि अपघाताचा गुन्हा तीच नोंदवतात. सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यांसाठी 'सेन' ठाणी आणखी निराळी. एकाच भागाला अशी तीन दारं. आपण चुकीच्या दारात उभं राहून 'नोंदच नाही' म्हणून हादरतो. वाहतूक ठाण्यात गेल्यावर मेमोची प्रत हाती आली. मुलाचं नाव, वडिलांचं नाव, गुन्हा क्रमांक, कलम, जागा, तारीख, वेळ, कुणाला फोनवर कळवलं तो रकाना, खाली साक्षीदाराची सही. कलम होतं भारतीय न्याय संहितेचं १०६ (१), हयगयीने मृत्यू. जामीनपात्र. वकिलांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि गृहस्थ पहिल्यांदा खुर्चीत टेकून बसले. समोरचा माणूस दगावला होता, त्या घराचं दुःख आपल्या जागी होतंच. पण 'पोरगा आता वर्षानुवर्षं आत' ही भीती त्या एका ओळीने गेली.

मेमोवरची वेळ मी सगळ्यांना मोठ्याने वाचायला लावतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ प्रमाणे प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करावं लागतं, आणि ते घड्याळ याच आकड्यापासून चालू लागतं.

कागद कन्नडमध्ये असला म्हणून गांगरू नये. मुंबईतल्या वरळीच्या एका अपघात प्रकरणात ६ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अटकेची कारणं, गुन्हा कोणताही असो, लेखी आणि आरोपीला समजणाऱ्या भाषेत द्यायची. लगेच शक्य नसेल तर तोंडी सांगून, रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी लेखी द्यायची. त्या पीठावर सरन्यायाधीश होते अमरावतीचे भूषण गवई. बंगळुरूत नोकरीला असलेल्या, कन्नड न येणाऱ्या मराठी पोराला या निकालाचा मोठा आधार आहे.

शोधाचा क्रम आता सांगून टाकतो. पहिलं, घटना कुठे घडली ते विचारा; हद्दीवरून ठाणं ठरतं. दुसरं, ११२ किंवा शहराच्या नियंत्रण कक्षाला फोन करून अटकेची नोंद विचारा. तिसरं, एफआयआर. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ सप्टेंबर २०१६ च्या निकालाने एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकणं बंधनकारक झालं. जोडणीची अडचण असेल तर जास्तीत जास्त ७२ तास. लैंगिक गुन्हे, बालकांवरचे गुन्हे, दहशतवाद असे संवेदनशील प्रकार त्यातून वगळले आहेत. कर्नाटक पोलिसांच्या संकेतस्थळावर ठाणं, गुन्हा क्रमांक आणि वर्ष घालून तो शोधता येतो. महाराष्ट्राच्या नागरिक पोर्टलवर तर अटक आरोपींचा वेगळा विभागच आहे. मात्र एफआयआरमध्ये नाव असणं म्हणजे अटक नव्हे, आणि अटक म्हणजे दोषी नव्हे. चौथं, ई-कोर्ट्सवर ठाणं आणि एफआयआर क्रमांकावरून खटला शोधा. सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक मिळाला की पुढची प्रत्येक तारीख घरबसल्या कळते. न्यायालयीन कोठडी झाली तर भेटीसाठी ई-मुलाकातवर नोंदणी. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१००. दुसऱ्या राज्याच्या पोलिसांनी उचललं असेल तर स्थानिक ठाण्यात विचारणा करून ट्रान्झिट रिमांडचा, म्हणजे आरोपीला राज्याबाहेर नेण्याच्या न्यायालयीन परवानगीचा, कागद मागा. कुठेच नोंद नाही आणि माणूसही नाही, अशी वेळ आली तर उच्च न्यायालयात हेबिअस कॉर्पस, म्हणजे माणसाला न्यायालयापुढे हजर करा असं मागणारी याचिका.

हेबिअस कॉर्पस म्हटलं की माझे पाय गांधीनगरच्या बाजूला, फ्रीडम पार्ककडे वळतात. जुनं मध्यवर्ती कारागृह तिथे होतं. आज तिथे बाग आहे, टेहळणीचा मनोरा आणि बराकी राखल्या आहेत, आणि शहरातली आंदोलनं तिथेच होतात. २६ जून १९७५ रोजी संसदीय समितीच्या कामासाठी बंगळुरूत आलेले अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी, श्यामनंदन मिश्र आणि आपले राजापूरचे खासदार मधू दंडवते यांना अटक झाली. दंडवते बंगळुरूच्या तुरुंगात, त्यांच्या पत्नी प्रमिलाताई येरवड्यात. संसार पत्रांवर चालला. त्या बराकींपाशी गेलो की मी दरवेळी रेंगाळतो. या चौघांची याचिका कर्नाटक उच्च न्यायालयात गेली आणि पुढे सर्वोच्च न्यायालयातल्या एडीएम जबलपूर खटल्यात सामील झाली. २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने ठरलं की आणीबाणीत बंदिवानाला न्यायालयाचं दारच नाही. एकटे न्या. एच. आर. खन्ना विरोधात उभे राहिले. बहुमतात पुण्याचे न्या. य. वि. चंद्रचूड होते, २४ ऑगस्ट २०१७ रोजी त्यांचे चिरंजीव न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या निकालपत्राने ते मत पुसलं. २०१७ च्या त्या खटल्यावर ज्यांचं नाव आहे ते निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी बंगळुरूचेच.

पुट्टस्वामी निकाल खासगीपणाच्या हक्काचा, आणि अटकेच्या नोंदीची दुसरी बाजू तीच आहे. अमेरिकेत काउंटी तुरुंगात माणूस दाखल झाला की फोटो, बोटांचे ठसे, आरोप यांची 'बुकिंग' नोंद होते आणि अनेक शेरीफ ती थेट संकेतस्थळावर टाकतात. तिकडच्या मराठी कुटुंबांना काउंटीचं नाव माहीत असलं की माणूस काही मिनिटांत सापडतो. इमिग्रेशन विभागाने धरलं असेल तर ए-नंबर आणि जन्मदेश घालून वेगळा शोध घ्यावा लागतो. या व्यवस्थेची चांगली बाजूही मोठी आहे. १९९३ मध्ये केंटकीतल्या लुईव्हिलला एका तरुणीचा, कोठडीतून सुटलेल्या तिच्या जुन्या मित्राने खून केला. तो सुटल्याचं तिला कुणी कळवलंच नव्हतं. त्यातून पुढच्याच वर्षी आरोपी सुटताच पीडिताला फोन करणारी 'वाइन' यंत्रणा सुरू झाली. वाईट बाजू अशी की निर्दोष सुटलेल्यांचेही फोटो उचलून ते काढण्यासाठी पैसे मागणारे धंदे फोफावले, आणि राज्यांना त्यांच्याविरुद्ध कायदे करावे लागले.

आपल्याकडे हा धोका इलेक्ट्रॉनिक सिटीत रोज दिसतो. नोकरीआधीच्या पार्श्वभूमी तपासणीत नावावरून न्यायालयीन नोंदी चाळल्या जातात, आणि पाटील, शिंदे, जाधव ही नावं किती! माझ्या ओळखीच्या एका मुलीच्या भावाची नेमणूक नामसाधर्म्यामुळे अडकली. वडिलांचं नाव आणि पत्ता जुळत नाही हे दाखवणारी प्रमाणित प्रत आणल्यावर ती सुटली. २०१७ च्या जानेवारीत कर्नाटक उच्च न्यायालयाने एका महिलेचं नाव निकालाच्या शीर्षकातून झाकायचा आदेश दिला, तो मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो.

माझं मत असं: अटकेची नोंद त्या दिवशी, त्या ठाण्यात, घरच्यांना सहज दिसावी, आणि माणूस निर्दोष सुटल्यावर ती आयुष्यभर त्याच्या नावामागे फिरू नये. ही नोंद कोठडीतल्या माणसाला गायब होण्यापासून वाचवण्यासाठी जन्माला आली. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या चर्चेसाठी नव्हे. या दिवाळीत बंगळुरूच्या मराठी मंडळांनी फराळाच्या कार्यक्रमाला जोडून एक काम करावं. आपापल्या भागातल्या तिन्ही प्रकारच्या ठाण्यांचे फोन, कन्नड वाचणारा एक स्वयंसेवक आणि एक वकील अशी यादी प्रत्येक सभासदाच्या हाती द्यावी. आणि ठाण्यात कधी काही कामासाठी गेलात, तर यादीवरची तारीख पाहा; जुनी असेल तर कलम ३७ चा उल्लेख करून दोन ओळींचा अर्ज द्या आणि पोच घ्या. फळा रोज लिहिला जाईल तो कुणीतरी रोज वाचतंय हे ठाण्याला कळलं तरच.