गुरुवारही हवा, रविवारही

नेरे हे मुळशी तालुक्यातलं गाव. हिंजवडीच्या आयटी पार्कमुळे या पट्ट्यात शेताच्या बांधालगत उंच इमारती आल्या, आणि त्यांत नवरा-बायको दोघंही नोकरी करणारी बिऱ्हाडं आली. अशा घरात परदेशवारीचं घोडं पैशापेक्षा रजेवर जास्त अडतं. दोन कंपन्यांत एकाच पंधरवड्याची रजा मंजूर करून घेणं पत्रिका जुळवण्याहून अवघड. मग ती मिळाली की जमेल तेवढं तिच्यात कोंबायचं, हे ओघानं आलंच. दक्षिण अमेरिकेचं नाव निघालं की रिओ, इग्वासूचा धबधबा, बुएनोस आइरेस, लिमा, माचू पिचू अशी जंत्री समोर येते, आणि सगळं दोन आठवड्यांत. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. इतक्या लांब जाणाऱ्या जोडप्याने एकच शहर घ्यावं आणि आठ-दहा दिवस तिथेच मुक्काम ठोकावा. माझी निवड अर्जेंटिनाची राजधानी बुएनोस आइरेस.

पहिला मुद्दा शरीराचा. पुण्याहून हे शहर सुमारे १५,००० किलोमीटरवर आहे आणि तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे. आपल्याकडे रात्रीचे साडेआठ वाजतात तेव्हा तिथे भर दुपारचे बारा. झोप रुळावर यायला काही दिवस जातात आणि भरगच्च सहलीत नेमके हेच दिवस विमानतळांवर खर्ची पडतात. नकाशावर शेजारी दिसणारी शहरंही शेजारी नाहीत: बुएनोस आइरेसहून रिओ सुमारे २,००० किलोमीटर, लिमा ३,००० च्या पुढे. सामान बांधणं, खोली सोडणं, विमानतळ, पुन्हा नवी खोली, यात प्रत्येक वेळी निदान अर्धा दिवस जातो. म्हणजे ‘पाच शहरं’ म्हणून जे विकत घेतो त्यातला मोठा भाग सुरक्षा तपासणीच्या रांगेचा असतो.

दुसरा मुद्दा मला अधिक वजनदार वाटतो. शहराला आठवड्याची लय असते आणि दोन रात्रींच्या पाहुण्याला ती कळत नाही. रविवारी सान तेल्मो या जुन्या वस्तीत देफेन्सा रस्त्यावर बाजार भरतो: जुनी घड्याळं, निळ्या काचेचे सोडा-सायफन, ग्रामोफोनच्या तबकड्या. आणि गुरुवारी दुपारी साडेतीनला, याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, राष्ट्राध्यक्षांच्या गुलाबी कचेरीसमोरच्या प्लाझा दे मायोत डोक्याला पांढरे रुमाल बांधलेल्या म्हाताऱ्या बायका चौकातल्या स्तंभाभोवती फेऱ्या घालतात. १९७६ ते १९८३ या लष्करी राजवटीत ज्यांची मुलं नाहीशी केली गेली त्या या आया. नाहीशा केलेल्यांचा आकडा मानवाधिकार संघटना ३०,००० सांगतात. एप्रिल १९७७ मध्ये त्या पहिल्यांदा चौकात जमल्या तेव्हा पोलिसांनी बजावलं, घोळका करून उभं राहायचं नाही, चालत राहा. म्हणून त्या चालत राहिल्या, आणि तीच निषेधाची रीत झाली. तिथल्या फरशीवर पांढरे रुमाल रंगवलेले आहेत. बुधवारी आलेल्याला ते नुसतं नक्षीकाम वाटायचं.

थांबण्याने काय होतं याचा दाखला याच शहरात आहे. १९२४ मध्ये रवींद्रनाथ टागोर पेरूच्या निमंत्रणावरून निघाले होते. बोटीवर आजारी पडले, बुएनोस आइरेसला उतरले आणि पेरूला पोहोचलेच नाहीत. व्हिक्टोरिया ओकाम्पो या लेखिकेने त्यांना शहराबाहेर सान इसिद्रोला नदीकाठच्या घरात ठेवलं. आठवड्याभराचा विचार होता, मुक्काम दोन महिन्यांच्या घरात गेला. तिथे लिहिलेल्या कविता १९२५ च्या ‘पूरबी’त आल्या आणि तो संग्रह त्यांनी तिलाच, ‘विजया’ या नावाने, अर्पण केला. आपल्यापैकी कोणी टागोर नाही, हे मान्य. पण ठरलेला कार्यक्रम मोडल्यामुळे प्रवास वाया गेला नाही, एवढं यातून घ्यायला हरकत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: आयुष्यात एकदाच जाणार, मग माचू पिचू सोडायचं? सोडावं. निदान या खेपेला. एकदाच जेवायला बसायचं म्हणून कोणी पाच पंगतींत एकेक घास खात नाही. खर्चाचा हिशेबही मुक्कामाच्याच बाजूने पडतो. मधली विमानं वाचतात आणि स्वयंपाकघर असलेली भाड्याची जागा आठवड्यासाठी घेतली तर रोजचं हॉटेलचं जेवण टळतं. सुरक्षिततेची काळजी मात्र रास्त आहे. मोबाइल हिसकावला जातो, ला बोका वस्तीत पर्यटकांच्या गल्लीबाहेर भटकू नये. पण कोणत्या रस्त्याने अंधार पडल्यावर जायचं नाही हे चौथ्या दिवशी आपोआप समजतं. रोज नव्या शहरात तो धडा पहिल्यापासून. शहर आखलेलंही सोयीचं आहे. साधारण शंभर मीटरवर एक चौक, दर चौकाला घरक्रमांक शंभराने पुढे. क्रमांक वाचून किती चालायचं ते कळतं.

शाकाहाऱ्यांचं काय? गोमांसाच्या देशात उपाशी मरायची वेळ येईल, ही भीती अर्धीच खरी. इटलीहून आलेल्या लोकांनी हे शहर भरलेलं असल्याने पिझ्झा-पास्ता गल्लोगल्ली. पिझ्झाच्या तुकड्यावर ‘फाइना’ नावाचा दुसरा तुकडा ठेवून खातात. हरभऱ्याचं पीठ, पाणी, तेल, मीठ. ताटलीत ओतून भट्टीत भाजलेलं. कडेने करकरीत, आतून मऊ. आपल्या बेसनाच्या धिरड्याचा जाडजूड चुलतभाऊच तो. (तसा आपला उपवासही तिकडचाच आहे: बटाटा, शेंगदाणा आणि साबुदाणा ज्याच्यापासून होतो तो कंद, तिन्ही मूळचे दक्षिण अमेरिकेचे.)

उरतो तो आक्षेप सहसा कोणी मोठ्याने बोलत नाही: दोघंच दोघं दहा दिवस करणार काय? ग्रुप टूरमध्ये गाइड, सहप्रवासी, वेळापत्रक हे मधे असतात, भांडायलाही सवड नसते. पण एका जागी राहण्याचा फायदा असा की सतत एकत्र राहावं लागत नाही. एकाने १९१९ च्या नाट्यगृहात थाटलेल्या ‘एल आतेनेओ’ या पुस्तकांच्या दुकानात दुपार घालवावी, तिथे जुन्या रंगमंचावर आता कॉफी मिळते. दुसऱ्याने १९१३ पासून धावणाऱ्या भुयारी रेल्वेच्या ‘ए’ मार्गावर बसून वाटेल तिथे उतरावं. नोव्हेंबर असेल तर रस्तोरस्ती जॅकरांडा, म्हणजे आपला नीलमोहर, फुललेला असतो. आपली दिवाळी येते ती तिकडच्या वसंतात. संध्याकाळी एखाद्या जुन्या कॅफेत भेटावं. तिथे मागितल्याशिवाय बिल आणत नाहीत, एका कॉफीवर दोन तास बसलं तरी कोणी टेबल पुसायला येत नाही. बागेत जोडपी ‘माते’ या पेयाचं भोपळ्याचं भांडं घेऊन बसलेली दिसतील: कडू पाल्यावर गरम पाणी, धातूची एकच नळी, एकाने ओतायचं आणि आळीपाळीने प्यायचं. प्रत्येक घोटानंतर आभार मानायचे नसतात. ‘ग्रासियास’ म्हटलं की याचा अर्थ, पुरे, आता मला नको.