दार लावून घेणारे डावे

परदेशी वर्तमानपत्रांत एखादे सरकार जाहिरात देते ती सहसा पर्यटक किंवा गुंतवणूकदार यावेत म्हणून. सप्टेंबर 2015 मध्ये डेन्मार्क सरकारने लेबनॉनच्या चार वर्तमानपत्रांत जाहिरात दिली ती कोणी येऊ नये म्हणून. निर्वासितांचा भत्ता निम्म्यापर्यंत कापला आहे, कुटुंबाला पहिल्या वर्षी आणता येणार नाही, कायम राहायचे तर डॅनिश भाषा यावी लागेल, असा तिचा मजकूर. त्याच आठवड्यात जर्मनीतून आलेले सुमारे 300 निर्वासित पाडबोर्गजवळ ई-45 महामार्गावरून लेकराबाळांसह पायी निघाले. त्यांनाही डेन्मार्क नकोच होता. त्यांना स्वीडन गाठायचे होते.

हाच देश निर्वासितांविषयीच्या 1951 च्या आंतरराष्ट्रीय कराराला 1952 मध्ये सर्वांत आधी मान्यता देणारा. 1983 चा त्याचा परकीय नागरिक कायदा तर युरोपातल्या सर्वांत उदार कायद्यांपैकी एक गणला जाई. साठच्या दशकाच्या अखेरीस कारखान्यांना माणसे हवी होती, तेव्हा तुर्कस्तान, युगोस्लाव्हिया आणि पाकिस्तानातून कामगार आले. 1973 मध्ये ही भरती थांबली. आलेले मात्र राहिले, त्यांची कुटुंबेही आली. 1995 मध्ये पिया क्यार्सगार्ड यांनी स्थलांतरविरोधी डॅनिश पीपल्स पार्टी काढली आणि 2001 पासून उजव्या आघाडीची सरकारे तिच्या पाठिंब्यावर चालू लागली. परदेशी जोडीदाराला आणायचे तर दोघांचेही वय किमान 24 हवे, हा नियम 2002 चा. त्यावर अनेक जोडप्यांनी तोडगा काढला: संसार स्वीडनच्या माल्मोमध्ये, नोकरी कोपनहेगनमध्ये आणि रोजची ये-जा ओरेसुंड पुलावरून.

इथवरची गोष्ट युरोपात इतरत्रही घडली आहे. डेन्मार्कचे वेगळेपण पुढे आहे. 2015 च्या निवडणुकीत पीपल्स पार्टीने 21.1 टक्के मते मिळवली आणि तेव्हा सरकारात असलेल्या डाव्या सोशल डेमोक्रॅट पक्षाची सत्ता गेली. सोशल डेमोक्रॅट पक्षाची सूत्रे मेटे फ्रेडरिक्सन यांच्याकडे आली. त्यांची मांडणी अशी: भरमसाट कर भरून चालणारे कल्याणकारी राज्य परस्परविश्वासावर उभे असते, स्थलांतराचा वेग वाढला की तो विश्वास विरतो, आणि त्याची झळ श्रीमंत उपनगरांना न लागता कामगारवस्तीतल्या शाळांना, घरांना, पगारांना लागते. तेव्हा स्थलांतर रोखणे हेच डाव्यांचे काम.

हे नुसते बोलणे नव्हते. निर्वासिताकडे 10,000 क्रोनरपेक्षा अधिक किमतीचा ऐवज सापडल्यास तो जप्त करण्याचा कायदा 2016 मध्ये उजव्या सरकारने आणला, त्याला या पक्षाने विरोधी बाकांवरून पाठिंबा दिला. 2017 मध्ये त्याच उजव्या सरकारच्या स्थलांतरमंत्री इंगर स्टॉयबर्ग यांनी नियम पन्नासाव्यांदा कडक झाल्याबद्दल केक कापायला घेतला आणि त्याचा फोटो फेसबुकवर टाकला. 2019 मध्ये फ्रेडरिक्सन पंतप्रधान झाल्या, तरी धोरणाची दिशा तीच राहिली: आश्रय द्यायचा तो तात्पुरता. दमास्कस आता सुरक्षित आहे असे ठरवून तिथल्या काही सीरियन निर्वासितांचे परवानेही रद्द झाले.

मतपेटीत याचे फळ दिसले. पीपल्स पार्टीची मते 2019 मध्ये 8.7 टक्क्यांवर आणि 2022 मध्ये 2.6 टक्क्यांवर आली. 2015 मध्ये आश्रयासाठी 21,000 हून अधिक अर्ज आले होते, 2024 मध्ये सुमारे 2,300.

या आकड्यांत न दिसणारी बाजू कोपनहेगनच्या नोरेब्रो भागात दिसते. तिथे सुपरकिलेन नावाची लांबच लांब बाग आहे. पन्नासहून अधिक देशांतल्या वस्तू तिथे मांडल्या आहेत: मोरोक्कोचे कारंजे, ऑक्टोपसच्या आकाराची जपानी घसरगुंडी, थाई बॉक्सिंगचा आखाडा. परिसरातल्या बहुविध लोकांचा मान म्हणून 2012 मध्ये ती उघडली. तिला लागूनच म्योल्नरपार्केन ही लाल विटांच्या इमारतींची वसाहत आहे. तिची मालकी ना-नफा गृहसंस्थेची. 2018 च्या कायद्याने अशा वसाहती सरकारी यादीत टाकल्या. बेरोजगारी, गुन्हे, शिक्षण आणि उत्पन्न या चारपैकी दोन निकषांवर वस्ती मागे पडली की ती ‘दुर्बल’. तिथे ‘बिगर-पाश्चात्य स्थलांतरित आणि त्यांचे वंशज’ निम्म्याहून अधिक असतील तर मात्र ती ‘घेटो’. 2021 पासून शब्द बदलून ‘समांतर समाज’. सलग काही वर्षे यादीत राहिलेल्या वसाहतीने ना-नफा कुटुंबघरांचे प्रमाण 2030 पर्यंत 40 टक्क्यांवर आणायचे. त्यासाठी इमारती पाडा, विका किंवा त्यांचा वापर बदला. अशा वस्त्यांमधल्या वर्षभराच्या मुलाला आठवड्याला 25 तास पाळणाघरात पाठवणेही सक्तीचे झाले. न पाठवल्यास बालभत्ता बंद होऊ शकतो.

म्हणजे गरिबी सारखीच असली, तरी घर जाणार की राहणार हे शेजाऱ्यांच्या मूळ देशावर ठरते. ‘वंशज’ या खात्यात डेन्मार्कमध्येच जन्मलेली मुलेही मोडतात. सुक्याबरोबर ओलेही जळते ते असे: नियमित भाडे भरणाऱ्या जुन्या रहिवाशालाही घर सोडण्याची नोटीस येते. म्योल्नरपार्केनचे रहिवासी कोर्टात गेले. फेब्रुवारी 2025 मध्ये युरोपीय न्यायालयाच्या महाधिवक्त्या तमारा चापेटा यांनी हा वांशिक मूळ पाहून केलेला थेट भेदभाव असल्याचे मत दिले.

मार्च 2022 मध्ये युक्रेनी निर्वासित आले तेव्हा याच संसदेने झटपट खास कायदा करून त्यांना राहण्याचा आणि काम करण्याचा परवाना दिला. ऐवज जप्त करण्याचा नियमही त्यांना लागू केला नाही. कल्याणकारी राज्याची क्षमता एवढाच प्रश्न असता, तर ही सवलत समजावणे अवघड गेले असते.

आता इतर देश हा नमुना उचलत आहेत. ब्रिटनच्या मजूर सरकारने नोव्हेंबर 2025 मध्ये तात्पुरत्या आश्रयाची योजना मांडली, ती डेन्मार्ककडे पाहूनच. पण युरोपीय संघाचा मास्ट्रिख्ट करार 1992 च्या सार्वमतात फेटाळल्यावर न्याय आणि गृह या क्षेत्रांतल्या युरोपीय नियमांतून डेन्मार्कने सूट मिळवली. ती जर्मनी-फ्रान्सला नाही. डेन्मार्क टाळणाऱ्यांना पलीकडे स्वीडन-जर्मनीची वाटही होती. सगळ्यांनीच दारे लावली तर ती उरत नाही. आणि नोव्हेंबर 2025 मध्ये, शंभरहून अधिक वर्षे हाती असलेले कोपनहेगनचे महापौरपद सोशल डेमोक्रॅट पक्षाने गमावले, तेही आपल्याहून डाव्या पक्षाकडे.

फ्रेडरिक्सन यांच्या मांडणीचा आधार विश्वास हा होता. नव्याने येणाऱ्यांची संख्या कमी करून तो जपता येतो असे मानले, तरी आधीपासून राहणाऱ्याच्या मुलाला जन्मभर ‘वंशज’ म्हणून मोजत राहून त्याचा विश्वास कसा मिळवायचा, याचे उत्तर या धोरणात नाही. ज्यांना हा नमुना हवा आहे, त्यांनी अर्जांच्या आकड्याबरोबर हा हिशेबही मांडायला हवा.