वॉर्ड हायड्राचा? छे, शक्यच नाही!

आजच्या भागात मी एकाच एपिसोडबद्दल बोलणार आहे. मालिका 'एजंट्स ऑफ शील्ड', पहिला सीझन, सतरावा एपिसोड, नाव 'टर्न, टर्न, टर्न'. एपिसोड २०१४ चा आहे, म्हणजे तुमच्यापैकी काही जण तेव्हा शाळेत असाल. पण तो बघून चाहत्यांनी जे केलं, ते आपण आजही करतो. म्हणून हा विषय.

आधीच सांगते, पुढे स्पॉयलरच स्पॉयलर आहेत. मालिका बघायची असेल तर इथेच थांबा, बघा आणि मग या. मी कुठे जात नाही.

थोडी पार्श्वभूमी

२०१२ च्या 'द अ‍ॅव्हेंजर्स' सिनेमात फिल कोलसन हा शील्ड संस्थेचा साधासा, सुटाबुटातला एजंट मारला जातो. लोकांना ते पटलंच नाही. 'कोलसन लिव्ह्ज', म्हणजे 'कोलसन जिवंत आहे', असा हॅशटॅग सुरू झाला. आणि गंमत बघा, त्याच वर्षी जाहीर झालं की मार्व्हलच्या नव्या मालिकेत कोलसन परत येतोय! अभिनेता तोच, क्लार्क ग्रेग. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

२४ सप्टेंबर २०१३ ला एबीसी वाहिनीवर मालिका सुरू झाली. पहिला एपिसोड अमेरिकेत सुमारे १ कोटी २० लाख लोकांनी बघितला. पण सीझन संपेपर्यंत हा आकडा निम्म्याच्या आसपास आला. कारण सोपं होतं. मालिकेला आपलं खरं गुपित सिनेमाच्या आधी उघडता येत नव्हतं. त्यामुळे 'या आठवड्याची केस' छापाचे बरेच एपिसोड निघाले. त्यात ग्रँट वॉर्ड हा देखणा, मारामारीत पटाईत, पण जरा ठोकळा वाटणारा एजंट. 'याला चेहऱ्यावर दोनच भाव येतात' अशी त्याची थट्टा व्हायची.

त्या मंगळवारी काय झालं?

शुक्रवारी, ४ एप्रिल २०१४ ला अमेरिकेत 'कॅप्टन अमेरिका: द विंटर सोल्जर' लागला. त्यात कळलं की हायड्रा ही शत्रूसंघटना वर्षानुवर्षं शील्डच्या आतच वाढत होती. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणा ना! चारच दिवसांनी, मंगळवारी ८ एप्रिलला, हा एपिसोड आला. ज्यांनी तोवर थिएटर गाठलं नव्हतं, त्यांना सिनेमाचं मोठं गुपित घरच्या टीव्हीनेच सांगून टाकलं.

एपिसोडभर एकच प्रश्न आहे: आपल्यातला हायड्राचा माणूस कोण? आधी संशय मेवर, कारण तिच्याकडे एक गुप्त फोनलाइन सापडलेली असते. पण ती निघते थेट शील्डचा प्रमुख निक फ्युरीसाठी. मग संशय व्हिक्टोरिया हँड या कडक अधिकारी बाईंवर. त्या बिचाऱ्या तर कोलसनलाच हायड्राचा समजत असतात. शेवटी पकडला जातो वॉर्डचा गुरू जॉन गॅरेट. आपण सुटकेचा श्वास सोडतो. हँड, वॉर्ड आणि दोन पहारेकरी गॅरेटला विमानातून तुरुंगाकडे नेतात. हँड वॉर्डला विचारते, यालाच संपवायचंय का? वॉर्ड उठतो, पहारेकऱ्यांना गोळ्या घालतो आणि मग हँडला.

एपिसोड संपला. आता आठवडाभर थांबा!

'तो डबल एजंट असणार'

आपण आज हा एपिसोड बघितला तर पुढचा दहा सेकंदांत आपोआप सुरू होतो. मी स्वतः तसाच बघितला. पण तेव्हाच्या प्रेक्षकांकडे पूर्ण सात दिवस होते, आणि सीझन संपायला पाच आठवडे. त्या काळात 'स्टँड विथ वॉर्ड', म्हणजे 'आम्ही वॉर्डच्या बाजूने', हा हॅशटॅग जोरात चालला. मुख्य थिअरी अशी: वॉर्ड खरं तर शील्डचाच आहे, फ्युरीनेच त्याला हायड्रात घुसवलंय, सगळं नाटक चाललंय.

मला ही थिअरी वेडगळ वाटत नाही. तिच्यामागे तीन चांगली कारणं होती.

पहिलं कारण कोलसन. चाहत्यांनी एकदा 'तो मेलेला नाही' असं ठासून म्हटलं आणि तो खरंच परत आला. मग 'वॉर्ड गद्दार नाही' हेही खरं का ठरू नये? दुसरं कारण मेची फोनलाइन. पुरावा दिसतो तसा नसतो, हे याच एपिसोडने तासाभरापूर्वी शिकवलं होतं. आणि तिसरं कारण सहावा एपिसोड. त्यात सिमन्सला परग्रहावरच्या विषाणूची बाधा होते, सगळे वाचावेत म्हणून ती विमानातून उडी मारते आणि तिच्यामागे औषध घेऊन वॉर्ड झेप घेतो. जो माणूस हवेत तिला पकडतो तो गद्दार कसा?

पण या थिअरीत एक गोम होती. ती खोटी ठरवायचा मार्गच नव्हता. वॉर्डने चांगलं वागलं तर 'बघा, मनाने चांगला आहे'. वाईट वागलं तर 'बघा, किती छान नाटक करतोय'. हेरकथेत हे फार सोपं होतं, कारण खोटं बोलणं हाच तिथे धंदा असतो. एकदा का प्रत्येक गोष्ट आपल्याच बाजूचा पुरावा झाली, की पुरावा बघायचं आपण थांबलेलोच असतो.

फिट्झ म्हणजे आपणच

मालिका लिहिणाऱ्यांनी इथे भारी काम केलंय. चाहत्यांची हीच बाजू त्यांनी मालिकेतल्या एका माणसाला दिली. फिट्झ! वॉर्ड गद्दार आहे हे त्याला शेवटपर्यंत पटत नाही.

एकविसाव्या एपिसोडमध्ये, ६ मे रोजी, फिट्झ आणि सिमन्स त्याच विमानातल्या एका बंद खोलीत अडकतात. दाराच्या काचेपलीकडे वॉर्ड उभा. फिट्झ त्याला कळवळून सांगतो की तुला आमची काळजी आहे, मला माहितीये. आणि वॉर्ड ते नाकारत नाही! तो म्हणतो, हो, आहे, पण तो दुबळेपणा आहे. मग तो बटण दाबतो आणि ती खोली दोघांसकट समुद्रात पडते. दोघं वाचतात, पण ऑक्सिजन न मिळाल्याने फिट्झच्या मेंदूला इजा होते.

मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. वॉर्डला काळजी होती, हे चाहत्यांनी अगदी बरोबर ओळखलं होतं. चूक पुढच्या पायरीवर होती: काळजी आहे, म्हणजे तो इजा करणार नाही. सिमन्ससाठी विमानातून उडी मारणारा आणि तिला विमानातून फेकणारा माणूस एकच होता.

त्याच एपिसोडमध्ये वॉर्डचं लहानपण आणि गॅरेटने त्याला कसं घडवलं तेही दिसतं. त्यावरून चाहत्यांत दोन तट पडले. एक गट म्हणे, बिचाऱ्याला दुसरा रस्ताच दिला नाही. दुसरा गट म्हणे, मग हँडचं काय? त्या दोन पहारेकऱ्यांचं काय, ज्यांची नावंसुद्धा आपल्याला आठवत नाहीत? मी दुसऱ्या गटात आहे. वॉर्ड असा का झाला हे मला समजतं, त्याच्याबद्दल वाईटही वाटतं. पण समजणं वेगळं आणि माफ करणं वेगळं. माफी द्यायचा हक्क असलाच तर फिट्झचा आहे, आपला नाही.

एक मात्र खरं, या धक्क्याने मालिकेला जीव आला. ब्रेट डाल्टनचा तो 'ठोकळा' चेहरा अचानक मुखवटा वाटायला लागला. मालिका पुढे सात सीझन आणि १३६ एपिसोड चालली, २०२० पर्यंत.

तर मंडळी, या आठवड्याचा गृहपाठ: सहावा आणि एकविसावा एपिसोड लागोपाठ बघा. मधले नंतर. आणि वॉर्ड उडी मारताना तुम्हाला तो खरा वाटला की नाही, ते मला नक्की कळवा. मला अजूनही तो खराच वाटतो.

भेटू पुढच्या भागात. ऐकत राहा!