उंदरांच्या पोटातील विरजण

भंडारा जिल्ह्यातील एखाद्या घरी एकाच गाईचे दूध दोन मडक्यांत ओतले आणि त्यांत दोन निरनिराळ्या घरचे विरजण घातले, तर सकाळी दोन्ही दही सारखेच निघेल असे नाही. एक गोड व घट्ट, तर दुसरे आंबट व पातळ निघू शकते. दूध तेच; भेद विरजणातील जंतूंचा. असाच भेद प्रयोगशाळेतील उंदरांच्या पोटातही असतो, आणि त्याने शास्त्रज्ञांना पुष्कळदा चकविले आहे.

आंबवलेल्या दुधातील जंतू माणसास उपकारक असतात, हे मत विसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील एली मेचनिकॉफ ह्यांनी हिरिरीने मांडले. अशा हितकारक जिवंत जंतूंना आज ‘प्रोबायोटिक’ म्हणतात. एखादा जंतू खरोखर गुणकारी आहे काय, हे बहुधा प्रथम उंदरांवर पाहतात. हे उंदीर पिढ्यान्‌पिढ्या जवळच्या नात्यात वाढवून जुळ्या भावंडांसारखे एकसारखे केलेले असतात.

परंतु वंश एक म्हणून पोट एक, असे होत नाही. पिल्लांना जंतू मिळतात ते आईकडून, खाद्यातून आणि पिंजऱ्यातील भुशातून. शिवाय उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात! त्यामुळे एका पिंजऱ्यातील सोबत्यांचे जंतू सारखे होतात. शेजारच्या पिंजऱ्यातील मात्र निराळे राहू शकतात.

२००९ साली अमेरिकेतील संशोधकांनी एकाच वंशाच्या, पण दोन पैदास-केंद्रांतून आणलेल्या उंदरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका केंद्रातील उंदरांच्या आतड्यांत रोगप्रतिकार करणाऱ्या एका प्रकारच्या पेशी विपुल होत्या. दुसऱ्या केंद्रातील उंदरांत फारच थोड्या. शोधाअंती कारण सापडले. आतड्याच्या भिंतीस चिकटून राहणारा, दोऱ्यासारखा एक जंतू पहिल्यांत होता, दुसऱ्यांत नव्हता. आता अशा एका गटास नवा जंतू पाजला आणि दुसऱ्यास पाजला नाही, तर दिसणारा फरक कोणाचा मानावा? नव्याचा की जुन्याचा? येथे चूक झाली, तर निरुपयोगी भुकटीचा उदोउदो होईल आणि अतिसाराने क्षीण झालेल्या बालकास खरोखर तारणारा जंतू बाजूस पडेल. म्हणून काळजीपूर्वक प्रयोग करणारे आधी सर्व पिंजऱ्यांतील भुसा एकमेकांत मिसळतात, लेंड्या तपासतात आणि मगच औषध देतात.

धानाच्या बांधीत बिळे करणाऱ्या उंदराचे पोट तर आणखीच वेगळे. तो मातीत लोळतो, मिळेल ते खातो. प्रयोगशाळेतील उंदराला निर्जंतुक खाद्य मिळते. २०१७ साली अमेरिकेत रानातील उंदरांचे आतड्यांतील जंतू प्रयोगशाळेतील उंदरांना दिले आणि नंतर त्यांना घातक इन्फ्लुएंझाची लागण केली. त्यांपैकी शेकडा ९२ वाचले. नेहमीचे जंतू असलेल्यांपैकी शेकडा १७ च.

माणसांतही हा प्रकार आहेच. २०१८ साली इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या शास्त्रज्ञांना असे दिसले, की बाहेरून दिलेले जंतू काहींच्या आतड्यांत वसतात, तर काहींच्या आतड्यांत मुळीच थारा मिळवीत नाहीत. भारतीयांच्या आतड्यांत ‘प्रिव्होटेला’ जातीचे जंतू पुष्कळ आढळतात. युरोप-अमेरिकेतील लोकांत ते बहुधा कमी असतात. परदेशी पोटावरून येथील पोटाची परीक्षा कशी करावी? पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील संशोधकांनी म्हणूनच भारतीय माणसांच्या आतड्यांतील जंतू तपासण्याचे काम हाती घेतले.