चाकं बदलली, दिवा का पेटला?

नवी अलॉय चाकं बसवल्यावर डॅशबोर्डवर हवेच्या दाबाचा पिवळा दिवा लागला, तर तो कसा लागतोय ते आधी बघा. मिनिटभर लुकलुकून मग स्थिर राहिला, तर दोष यंत्रणेत आहे. बहुधा व्हॉल्व्हला जोडलेला सेन्सर जुन्या चाकातच राहिला असेल. त्याची बॅटरी साधारण ५ ते १० वर्षं टिकते, म्हणून जुना झाला असेल तर याच वेळी बदललेला बरा.

काही गाड्यांत असा सेन्सर नसतोच. चाकांच्या फिरण्याच्या वेगावरून एबीएस यंत्रणा फरक ओळखते; तिथे हवा नीट भरून रीसेट करणं पुरतं.

दिवा सुरुवातीपासूनच स्थिर? मग हवाच कमी आहे. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा आकडा पाहून, टायर थंड असताना ती भरा.